तारखेची जागा कोरी

१९ जानेवारी २०२५

ती. प्रभावती आत्यास,
अक्षताचा जय भीम.

पत्र बघून तुला वाटंल, हिचा फोन मोडला का काय. फोन चांगला हाय. पण मागल्या आठवड्यात तुझ्याशी फोनवर जे बोलले ते तिसऱ्या दिवशी भुजंगभाऊनं मला ऐकवलं, माझ्याच शब्दात. फोनमधून गेलं का घरातून गेलं, कोण जाणे. म्हणून पत्र लिहून राह्यले. भारत जीप घेऊन जाफराबादला जातो, तोच पेटीत टाकंल. नवऱ्यावर तरी भरोसा ठेवावाच लागतो.

तू नेहमी इचारती ना, उपसरपंच झाली तर रस्ता का होईना? ऐक मंग. सरपंच उषाकाकू, पण कारभार त्यांच्या मालकाचा, म्हंजी भुजंगभाऊचा. निवडून आलो तेव्हाच त्यांनी उपसरपंचपदाचे चार वाटे केले. सव्वा-सव्वा वर्ष एकेकाला. पहिला रामप्रसाद, दुसरी मी, तिसरा अंगद, चौथी बेबीनंदा. मला बरं वाटल्तं. न्हाईतर आपल्या वस्तीतल्या बाईला कोण बसवतंय त्या खुर्चीवर? जूनअखेर माझं संपतंय.

आता गंमत बघ. गावाला माझी तारीख पाठ झाली. स्मशानाच्या पाणंदीचा विषय तीनदा काढला, ग्रामसेवक तिन्ही बारी म्हणला, ताई, पुढच्या बैठकीत घेऊ. तोंडावर न्हाई म्हणत न्हाई. नुसता दिवस मोजतो. परवा घरकुलाच्या यादीचं इचारायला बाया माझ्या दारावरून पुढं गेल्या आन् अंगदच्या ओट्यावर जाऊन बसल्या. अंगदला अजून पाच महिने हायेत, तरी त्याचा चहा आत्ताच दुप्पट झाला.

आत्या, आण्णांना आपण कसं नेलं ते तू पाह्यलंस. नकाशात पाणंद हाय, रानात रामप्रसादची कपाशी हाय. बांधावरून नेताना चिखलात भारतचा पाय गेला आन् तिरडी कलली. माझ्या बापाचा हात बाहेर आल्ता. त्या दिवशी मी ठरवलं, आईला असं न्यायचं न्हाई. मोजणीचा ठराव झाला पाह्यजे, माझ्याच काळात. पुढं कोण करणार?

तुझी,
अक्षता

---

जालना, मस्तगड
२८ जानेवारी २०२५

चि. अक्षतास,
जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलंय का ते आधी उजेडात धरून पाहिलं. नव्हतं. तरी इथून पुढे पाकिटाच्या जोडावर सही करत जा.

मी एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसले, मला माणसं कमी आणि कागद जास्त कळतात. तेव्हा तुला कागदाचं विचारते. चार वाटे ठरले, ठीक. पण सव्वा वर्षानंतर रामप्रसाद गुपचूप उठला कसा? खुर्चीवरून आपण होऊन उठलेला माणूस मी नोकरीत एकही पाहिला नाही. त्याच्याकडून काही लिहून घेतलं होतं का? आणि तुझ्याकडून? खरं सांग. सही केली असशील तर कशावर केलीस, कधी केलीस, कुणासमोर केलीस, आणि मजकूर शब्द न शब्द आठवून लिही. "तसलंच काहीतरी होतं" असं लिहू नकोस.

दुसरं. ग्रामसेवकाशी तोंडी बोलणं बंद कर. विषय लेखी दे आणि त्याची पोच घे. तोंडी बोललेलं त्याला सोयीनं विसरता येतं.

तिसरं. अंगदपासून जपून राहा. भुजंगाला निदान सगळं हवंय, ते दिसतं तरी. अंगदला तुझी जागा हवी आहे आणि तो चहा पाजतोय. चहा पाजणारा माणूस मला कधी पटला नाही.

भिवा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता. त्याचा तो हात मला अजून दिसतो. रस्ता झालाच पाहिजे.

तुझी आत्या,
प्रभावती

---

११ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
जय भीम.

जोडावर सही केली हाय, बघ.

तुला कसं कळलं गं? केली सही. पहिल्या बैठकीच्या दोन दिवस आधी चौघांला भुजंगभाऊनं त्यांच्या बियाण्याच्या दुकानात बोलावलं. म्हणले, इमानदारीचं काम हाय, पण माणसाचं मन फिरतं, म्हणून कागद करून ठेवू. चौघांनी आपापल्या हातानं लिहिलं. मजकूर मला तोंडपाठ हाय, कारण माझा दोनदा चुकला आन् तीनदा लिहावा लागला.

"मी माझ्या वैयक्तिक व घरगुती अडचणीमुळे माझ्या पदाचा राजीनामा स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे. तरी तो मंजूर होऊन मिळावा, ही नम्र विनंती."

वर माननीय सरपंच. खाली सही. तारखेची जागा कोरी. रामप्रसादनं मुदत संपल्यावर आठ दिवस कुरकुर केल्ती, तर भाऊनं त्याच्यासमोर ड्रावर उघडला फक्त. दुसऱ्या दिवशी रामप्रसाद उठला.

एक गोष्ट सांगायची राह्यली. बघून लिहायला आमच्यासमोर एक जुना कागद ठेवल्ता, टाइप केलेला, पार पिवळा पडलेला. भाऊनं तो प्लास्टिकात घालून ठेवलाय, सातबारा जपावा तसा.

तू सांगितल्यापरमाणं विषय लेखी दिला. ग्रामसेवकानं पोच द्यायला दोन दिवस लावले. आन् तू अंगदबद्दल म्हणती ते मला पटत न्हाई. तो लबाड असंल, पण आण्णांच्या वक्ताला त्यानंच पुढून खांदा दिल्ता. तरी तुझं ऐकते. त्याच्या ओट्यावर जात न्हाई आता.

अक्षता

---

जालना
६ मार्च २०२५

चि. अक्षता,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी नव्हती असं समज.

तुझा मजकूर वाचला. त्यात एक शब्द वाईट आहे. "माझ्या पदाचा". कोणत्या पदाचा? बैठकीच्या दोन दिवस आधी सही केलीस तेव्हा तू उपसरपंच नव्हतीसच. तेव्हा तुझ्याकडे एकच पद होतं, सदस्याचं. उद्या भुजंगानं तारीख टाकली आणि "ही सदस्यत्वच सोडतेय" असं म्हणाला, तर उपसरपंचपद जाईल आणि वस्तीची जागाही जाईल. हे चौघांनाही लागू आहे. तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, कमाल आहे.

उपाय एकच. तालुक्याला गटविकास अधिकाऱ्याच्या नावे अर्ज दे. माझ्या सहीचा बिनतारखेचा कागद दुसऱ्याच्या ताब्यात आहे, मी समक्ष येऊन दिल्याशिवाय माझा कोणताही राजीनामा धरू नये. पोच घे. हे कुणाला सांगू नकोस. बेबीनंदाला नाही आणि अंगदला तर बिलकुल नाही.

त्या पिवळ्या कागदाच्या मागे लागू नकोस. असले मसुदे गावोगाव असतात.

आत्या

---

२ एप्रिल २०२५

आत्या,

अर्ज दिला. सोमवारी दिला, बुधवारी भुजंगभाऊला माहीत होतं. तुझ्या त्या कचेरीत पोच मिळते ती एकाला आन् पोचते दुसऱ्याला.

भाऊ माझ्यावर चिडले न्हाईत. त्यांनी नुसतं अंगदला बोलावून सांगितलं, अक्षता खुर्ची सोडायची न्हाई, तालुक्याला जाऊन आली. झालं. अंगद आता रस्त्यात दिसला तर मान फिरवतो. त्याच्या बायकोनं पाण्यावर मला ऐकवलं, बसायला मिळालं की उठवत न्हाई काही लोकांला. मी त्याच्यापासून लपवलं म्हणून तर हे झालं. आधी जाऊन सांगितलं असतं तर भाऊला बोलायला जागा राह्यली नसती. मला ठरावाला चार मतं लागतात. मी, बेबीनंदा, आन् आण्णांचे दोस्त म्हणून कडूबामामा. चौथं मत अंगदचं, ते तुझ्या शहाणपणापायी गेलं.

आता खरी गोष्ट. मी दुकानात जाऊन भाऊला तोंडावर म्हणले, माझा कागद परत द्या. ते हसले. म्हणले, "कागद माझा न्हाई पोरी. तुझ्या आत्याला इचार, हा मसुदा कुणी टाइप केला."

इचारते. तू माझं पत्र वाचून महिनाभर गप बसली, मंग तब्येतीचं सांगितलं. मसुद्याच्या मागं लागू नको म्हणली. मी येडी हाय का? तू केला का टाइप? का तू त्यांच्याच बाजूची हायेस आन् फोनवरचं बी तूच सांगत होतीस? सरळ सांग.

अक्षता

---

जालना
९ एप्रिल २०२५

अक्षता,

फोनवरचं मी कुणाला सांगितलं नाही. मसुदा माझा आहे.

सन दोन हजार तीन. ज्या तालुक्यात होते त्याचं नाव लिहीत नाही, पाकिटाच्या जोडावर सही असली तरी. पंचायत समितीच्या सभापतीची मुदत अडीच वर्षांची. आमच्याकडच्या एका पुढाऱ्यानं तिचे दहा-दहा महिन्यांचे तीन तुकडे केले, म्हणजे तीन घरं खूष आणि तिन्ही त्याच्या मुठीत. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. त्या इमारतीत मला बस म्हणणारा तो पहिला. म्हणाला, प्रभावतीबाई, तुमची भाषा कायद्याची आहे, असा राजीनामा लिहून द्या की कुठल्याही पदाला चालेल. मी "माझ्या पदाचा" लिहिलं, मुद्दाम. त्याला फार आवडलं. भुजंग तेव्हा त्याची गाडी चालवायचा. त्यानं एक प्रत उचलली असेल.

पहिल्या सभापती केशरबाई. पाचव्या महिन्यात त्यांनी शाळेच्या खोल्यांच्या कामावर सही करायला नकार दिला, भिंती पोकळ आहेत म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा राजीनामा माझ्या टेबलावर आला, कालची तारीख घालून. मी आवक क्रमांक टाकला. दुपारी त्या आल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "बाई, मी कधी दिला?" मी रजिस्टरात पाहून तारीख सांगितली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या. मी पुढच्या कागदावर शिक्का मारला.

हे मी कुणाला बोलले नाही, भिवालासुद्धा. तुझ्या पत्रात माझंच वाक्य वाचलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

मुदत वाईट नसते, पोरी. खुर्ची फिरली नसती तर तुला तिच्यावर कुणी बसवलं असतं? पण बसणारे बदलत राहिले आणि फिरवणारा एकच राहिला, तर बसणाऱ्याला कोण विचारतो. ग्रामसेवकाला ठाऊक आहे, तू जूनपर्यंत. भुजंगाला मुदतच नाही, कारण तो कुठल्याच पदावर नाही. मी हे तेव्हाच पाहिलं होतं, आणि त्यालाच वाक्य लिहून दिलं.

तू माझ्यावर संशय घेतलास ते बरोबर केलंस. पण अंगदवर भरवसा ठेवू नकोस, हे मी अजूनही म्हणते. हवं तर म्हातारीचा खोटा सल्ला समज.

प्रभावती

---

२५ मे २०२५

ती. आत्यास,
जय भीम.

दीड महिना तुझ्यावर राग धरला. आज मोडते, कारण सांगायला दुसरं कोणी न्हाई.

मी तुझं ऐकलं न्हाई. अंगदच्या घरी गेले, दिवसाढवळ्या, समद्यांच्या देखत. सोबत बेबीनंदा. त्याच्यासमोर बसून माझ्या हातानं लिहिलं, "मी माझ्या उपसरपंच पदाचा राजीनामा देत आहे", आन् तारीख टाकली, तीस जून. बेबीनंदानं साक्षीदार म्हणून सही केली. कागद अंगदच्या हातात दिला. म्हणले, तुझी पाळी मी खात न्हाई, हा घे पुरावा. पण तवर मी उपसरपंच हाय, आन् मला रस्ता पाह्यजे. मंग "माझ्या पदाचा" म्हंजी काय ते दोघांला समजावलं. अंगद म्हणला, भिवातात्याला खांदा देताना मीच पडलो असतो त्या चिखलात.

उषाकाकू त्यांच्या लेकीच्या, पायलच्या, बाळंतपणाला पुण्याला गेल्या हायेत, पंधरा दिवस झाले. म्हणून मेच्या बैठकीत अध्यक्ष मी. भुजंगभाऊ काकूंच्या खुर्चीत येऊन बसले, मी म्हणले, भाऊ, ती खुर्ची सरपंचाची हाय, तुम्ही तिकडं बसा. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी त्यांला उठवलं. ते उठले, पण खिशातून कागद काढूनच उठले. ग्रामसेवकाच्या हातात दिला. माझा राजीनामा, आजच्या तारखेचा, वर उषाकाकूंची "मिळाला" अशी सही.

मी म्हणले, मोठ्यानं वाचा. त्यानं वाचला. "माझ्या पदाचा" आल्यावर कडूबामामानं इचारलं, कोणत्या पदाचा? ग्रामसेवक भाऊकडं बघायला लागला. मंग मी सावकाश इचारलं, आज तारीख पंचवीस, काकू पुण्यात, मंग काकूंला हा आज कुठं मिळाला? भाऊनं सही आधीच घेऊन ठेवल्ती आन् तारीख गडबडीत टाकली. पुण्याचं त्यांच्या ध्यानातच राह्यलं न्हाई. कसं राहणार, काकू कुठं हायेत हे इचारायची त्यांला सवयच न्हाई.

तेवढ्यात अंगद उभा राह्यला. खिशातून माझा कागद काढला आन् म्हणला, हिचा खरा राजीनामा माझ्याकडं हाय, तीस जूनचा. हा दुसरा कुठून आला?

चार विरुद्ध तीन. रामप्रसाद विरोधात होताच. ठराव झाला आत्या. मोजणी मागायची, पाणंद मोकळी करायची. मी तिथंच रडले. लाज वाटली न्हाई.

अक्षता

---

जालना
३ जून २०२५

चि. अक्षता,

पत्र तीनदा वाचलं. भिवाच्या फोटोसमोर एकदा मोठ्यानं वाचलं. भुजंगाला उठवलंस हे वाचून मी एकटीच घरात हसले, शेजारीण विचारायला आली.

केशरबाईंचा पत्ता शोधते आहे. जाफराबादकडे लेकीकडे असतात असं कळलं. भेटल्यावर काय बोलू ते ठरत नाही.

आता माझं एक ऐक. तुझा कागद अंगदकडे आहे तो परत घे आणि तीस तारखेला स्वतः नेऊन दे. तो भला वागला, मान्य. माझी खोड म्हण. पण आपल्या अक्षरातला कागद दुसऱ्याच्या खिशात महिनाभर ठेवू नये.

तुझी,
आत्या

---

१३ जुलै २०२५

ती. आत्यास,
जय भीम.

मोजणी झाली. खुंट्या रोवल्या, रामप्रसादनं कपाशीचे अकरा तास, ओळीच्या ओळी, सोडले. शिव्या देत सोडले, पण सोडले. जेसीबीनं मुरूम टाकला. काल आईला घेऊन त्या वाटेनं पार स्मशानापर्यंत चालत गेले. आई म्हणली, बैलगाडी बी जाईल आता. परत येताना ती वाटेत दोनदा थांबली आन् खाली बघितलं.

कागद मी परत मागितला न्हाई. इतकं झाल्यावर कसा मागू? तीस तारखेला अंगदनं तो बराबर दिला, तारीख होती ती, एक दिवस पुढं-मागं न्हाई. दोन जुलैला तो उपसरपंच झाला. मी हार घातला. घरी येऊन तुला लिहायला बसणार होते, की तुझा संशय खोटा निघाला म्हणून.

आज दुपारी बेबीनंदा आली. अंगदनंतर तिची पाळी. ती सहज बोलता बोलता सांगून गेली. अंगद तिला म्हणला, भुजंगभाऊकडचे कागद आता मेले, पण आपली एकी राह्यली पाह्यजे, म्हणून एक माझ्याकडं असू दे. आन् लिहायची तकलीफ नको म्हणून कागद तयारच होता. माझ्या राजीनाम्याची झेरॉक्स. नावावर, सहीवर आन् तारखेवर कागदाची पट्टी ठेवून काढलेली. "उपसरपंच पदाचा" अगदी स्पष्ट, कोणी इचारायला नको कोणत्या पदाचा. तेवढी दुरुस्ती मीच करून दिल्ती. बाकी समदं माझं अक्षर.

मी तिला म्हणले, बाई, तारीख बघितली का? कोरी व्हती, म्हणली. मंग सही कशाला केली? इतकं भाऊच्या बारीला झालं, तुझ्यासमोर झालं, तरी?

ती माझ्याकडं येड्यावानी बघायला लागली. म्हणली, "तुझं अक्षर दिसलं ना. मंग मी वाचलंच न्हाई."

ती पंधरा दिवसांनी पुन्हा येणार हाय. तिला काय सांगायचं ते मला लिही.

अक्षता